परतीची चाळीस मिनिटं

१

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी चालते आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवते. अकरा वर्षं हेच करतेय. गुडघ्यांची पार वाट लागलीय, पण काम तेच.

आमचं गाव सुट्टीवर येणाऱ्यांचं. समुद्र, हॉटेलं, आणि पोराबाळांना घेऊन चालता येतील अशा पाच पायवाटा. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पर्यटन कार्यालयाची हिरवी पाटी असते. त्यावर अंतर, चढ, आणि सहा वर्षांच्या मुलासोबत लागणारा वेळ. हा वेळ माझ्या हातचा. एक लांब दांडी, तिला खाली चाक, आणि दर मीटरला ते चाक टिक करतं, त्यावरचा आकडा एकानं पुढे सरकतो. ते ढकलत मी जाते आणि दर चारशे मीटरला एक मिनिट थांबते. कारण सहा वर्षांचं मूल सरळ चालत नाही. ते दगड उचलतं, तो टाकून दुसरा उचलतं, त्याला शू लागते, आडोसा शोधला की लागत नाही. हा सगळा हिशोब त्या एका मिनिटात बसतो.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे सुटले. मी फक्त जायचा वेळ मोजायचे. यायचा नाही. कार्यालयाच्या फॉर्मवर रकानाच एक होता. माझ्या आधीचे गृहस्थही तसंच करत आणि त्यांच्या आधीचेही. दीपगृहाच्या वाटेला तर ते फारच सोयीचं होतं. ती वाट टोकाच्या दीपगृहापाशी संपते. तिथे एक छोटं कँटीन आहे. दूधवाला वरच्या रस्त्यानं तिथे दूध टाकायला येतो, आणि रिकाम्या गाडीत मला बसवून खाली सोडतो. वरचा रस्ता बाहेरच्यांना बंद, आम्हाला चालतो. जायला चाळीस मिनिटं, म्हणून पाटीवर यायलाही चाळीस. वाट तीच, दगड तेच. परत येताना ती काय लांब होणार होती?

२

पहिली तक्रार आली तेव्हा मी ती वाचून हसले होते. कार्यालयात अभिप्रायाची वही असते. त्यात कुण्या बाईनं लिहिलं होतं, ‘दीपगृहाची वाट जाताना छान. येताना संपता संपत नाही. मुलं फार दमली.’ मी म्हटलं, बाई, मुलं दमतातच. येताना आइस्क्रीम खाऊन झालेलं असतं, चालायचं कारण उरत नाही.

मग तसंच दुसऱ्या हस्ताक्षरात आलं. मग तिसऱ्या. त्या हंगामात नऊ जणांनी लिहिलं. शब्द वेगळे, गाऱ्हाणं एकच. आणि त्यातल्या चौघांनी एका गोष्टीचा उल्लेख केला होता, त्यानं मात्र माझं डोकं उठलं. ‘तो पांढऱ्या कठड्याचा लांबच लांब भाग,’ असं ते लिहीत.

दीपगृहाच्या वाटेला पांढरा कठडा नाही. आमचे सगळे कठडे हिरवे आहेत. रंगाचे डबे मी स्वतः मोजून घेतले होते आणि रंगाऱ्याच्या मागे उभं राहून दोन हात मारून घेतले होते.

साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे आमचे कार्यालयप्रमुख, माणूस भला, पण खुर्चीतून उठायचा आळस. म्हणाले, “एकदा परतीची वाट चालून बघा की.”

“साहेब, माझे गुडघे बघितलेत का?”

“मग राहू द्या. लोक काय, कशालाही लांब म्हणतात.”

मीही मनात तेच म्हणत होते. कुणीतरी वाट चुकून दुसरीकडे गेलं असेल, तिथे कुठल्या हॉटेलचा कठडा असेल पांढरा. पण चौघं एकाच ठिकाणी चुकतील? हा प्रश्न माझ्या मनात आला, नाही असं नाही. मी तो बाजूला सारला. जाऊन आले असते तर? पण नाही गेले. कंटाळा केला, दुसरं काही नाही.

३

त्याच महिन्यात माझी मुलगी आली, चार दिवसांची रजा घेऊन. ती रुग्णालयात परिचारिका आहे. आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं झालेलं होतं आणि बॅग उचलायचीही ताकद नव्हती. जावई दोन वर्षांपूर्वीच वेगळा झाला. तेव्हापासून ड्यूटी, घर आणि पोर, तिन्ही एकटीच्या गळ्यात. मी कितीदा म्हटलं, माझ्याकडे येऊन राहा. पण माझं ऐकेल तर ती माझी मुलगी कसली. लहानपणापासून मी पूर्व म्हटलं की ही पश्चिम.

नात सहा वर्षांची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी राहतच नाही. पाळण्यात असतानाही ती दुपारी कधी झोपली नाही. माझ्या त्या दोन खोल्यांत तिनं पहिल्याच संध्याकाळी एक कप फोडला, चाकाची दांडी घेऊन दारापासून मोरीपर्यंत सतरा फेऱ्या मारल्या आणि मला विचारलं, “आजी, तुला चालायचे पैसे देतात?”

“देतात.”

“मग मी तर श्रीमंत होईन!”

किती दिवसांनी हसले मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी म्हणाली, “आई, हिला जरा फिरवून आणते. सगळ्यात सोपी वाट कुठली?”

मी क्षणभरही विचार केला नाही. वहीतल्या त्या चार ओळी माझ्या डोक्यात आल्याच नाहीत. आपल्या कामावर आपला विश्वास असतो ना, तसं झालं. “दीपगृहाची,” मी म्हणाले. “जायला चाळीस, यायला चाळीस. पाटीवर लिहिलंय बघ. मीच लिहिलंय.”

साडेनऊला दोघी निघाल्या. भिंगरी पुढे धावत, तिच्या मागे आई पाय ओढत.

४

साडेअकराला त्या यायला हव्या होत्या. बारा वाजले. मी भात खाली उतरवून ठेवला. साडेबाराला फोन केला.

“येतोय गं आई. जरा बसलोय.” आवाज इतका दमलेला, की मला वाटलं झोपेतून उठून बोलतेय.

“कुठे बसलात?”

“वाटेतच. बाक आहेत ना इथे. छान आहे. पांढरा कठडा आहे, पुढे समुद्र दिसतो.”

वहीतल्या त्या ओळी आत्ता आठवल्या. तरी मी आवाज नीट ठेवला. “भिंगरीला दे बरं फोन.”

“ती झोपलीय.”

“झोपलीय?”

“हो ना. मांडीवर.” मग तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे आणखी कुणाकुणाचे. बरीच माणसं चढ चढून येऊन बसली की असतो तसा आवाज, फक्त फार सावकाश.

“आणखी कोण आहे तिथे?”

“आहेत लोक. बसलेत.”

एक वाजता पुन्हा केला. तीच वाक्यं, त्याच क्रमानं. येतोय. जरा बसलोय. मी म्हटलं, अगं, अर्ध्या तासापूर्वीही तू हेच म्हणालीस. तर ती म्हणाली, “आत्ताच तर बसलो आई.”

मी चाक घेतलं आणि निघाले. चाक कशाला घेतलं, विचारू नका. अकरा वर्षांत त्याच्याशिवाय त्या वाटेवर पाऊल ठेवलं नव्हतं, आणि टेकायला दांडी बरी पडते.

५

जाताना वाट होती तशीच होती. हिरवा कठडा, पहिलं वळण, तीन मोठे खडक, झुडपांतला चढ, दुसरं वळण. दुपारचं ऊन रणरणत होतं, खाली लाटांचा आवाज. मी हाका मारत गेले. एक जोडपं समोरून आलं, त्यांना विचारलं, एक बाई आणि छोटी मुलगी दिसली का. नाही म्हणाले. बाक दिसले का? तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच उन्हानं बिघडलेय. बरोबरच होतं त्यांचं. त्या वाटेला एकही बाक नाही. बाकांची मागणी मीच तीन वर्षं करत होते.

कुठेही न थांबता पस्तीस मिनिटांत टोकाला पोहोचले. दोन हजार एकशे मीटर, एकही इकडेतिकडे नाही. दोघी वाटेत नव्हत्या. एकच वाट, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं. नजरेतून सुटायला जागाच नव्हती.

कँटीनवाला म्हणाला, “आल्या होत्या की. छोटीनं दोन बिस्किटं जास्त घेतली. पावणेअकराला परत निघाल्या.”

“परत कुठल्या वाटेनं?”

“आता परतायला दुसरी वाट आहे का, बाई?”

दूधवाल्याची गाडी त्या दिवशी पंक्चरमुळे उशिरापर्यंत तिथेच होती. त्यानं सवयीनं माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. “चला मावशी, चेहरा किती उतरलाय तुमचा. खाली गेल्यावर बघू कुठे गेल्यात त्या.”

गाडीची सीट सावलीत होती. माझे गुडघे अक्षरशः रडत होते. मी दारावर हात ठेवला आणि काढला. “तू हो पुढे,” म्हटलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या वाटेकडे दीपगृहाच्या बाजूनं तोंड केलं.

६

उलट्या बाजूनं बघितली की ओळखीची वाटही परकी वाटते, हे मी स्वतःला सांगत होते. चाक टिक टिक करत होतं. दुसरं वळण आलं. त्यानंतर झुडपांतला उतार यायला हवा होता.

आला नाही. वाट सरळ झाली आणि कठडा पांढरा झाला.

कुठे बदलला ते मला सांगता येणार नाही. मी कठड्याकडे बघतच चालत होते, तरी नाही सांगता येणार. आधी वाटलं, उन्हानं डोळे दिपलेत. मग वाटलं, साहेबांनी मला न विचारता रंगवून घेतला. मी हात लावून पाहिला. गुळगुळीत, जुना रंग, हजारो हातांनी घासून मऊ झालेला. चाक टिक करत होतं, पण त्यावरचा आकडा हलत नव्हता. धूळ गेली असेल, म्हटलं. लाटा खाली फुटताना दिसत होत्या, आवाज मात्र येत नव्हता. कानात हवा भरली असेल. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं बघा. सगळ्यांना मिळून एक उत्तर नव्हतं.

मग बाक लागले. वाटेच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून, एकामागे एक, दिसेल तिथपर्यंत. प्रत्येक बाकावर माणसं. आई, बाप, मुलं, कुठे एखादी म्हातारी. एका माणसानं बूट काढून मांडीवर ठेवला होता. एका बाईच्या अंगात त्या उन्हात जाड लोकरीचा कोट होता. मुलं आईबापांच्या खांद्यावर डोकी टाकून. कुणी बोलत नव्हतं, कुणी पाण्याची बाटली उघडत नव्हतं. नुसते सावकाश श्वास, फोनवर ऐकले होते तसे.

“अहो, एक बाई बघितलीत का?” मी कोटवालीला विचारलं.

तिनं मान वळवली नाही. पण त्या बाकावरचे सगळे एकदम थोडे सरकले. एका माणसापुरती जागा झाली.

मी पुढे गेले. मागून कपड्यांची सळसळ झाली, जागा पुन्हा मिटल्याची. पुढच्या बाकाशी आले, तेही सरकले. त्याच्या पुढचेही. माझ्याकडे न बघता, अगदी अदबीनं, दमलेल्या माणसाला द्यावी तशी जागा देत होते. मी प्रत्येक बाकावरचे चेहरे बघत पुढे गेले.

७

सातव्या की आठव्या बाकावर त्या दोघी होत्या. मुलगी टोकाला, भिंगरी तिच्या मांडीवर, शेजारी तीन अनोळखी माणसं. भिंगरी झोपली नव्हती. डोळे उघडे होते आणि हात मांडीत. ज्या पोरीला दोन मिनिटं गप्प बसवायला नाकी नऊ येतात ती अशी बसलेली.

“ऊठ,” मी म्हणाले.

“हो गं आई. दोन मिनिटं.”

“अगं, दोन वाजून गेले. ऊठ आधी.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि इतकं गोड हसली, कित्येक वर्षांत अशी हसली नव्हती. “तूही बस ना जरा. किती चालतेस रोज. गुडघे दुखत असतील तुझे.”

ते सगळे सरकले. तिच्या शेजारी जागा झाली. मी त्या फळीवर हात टेकला तर ती उबदार होती.

खोटं कशाला बोलू, बसावंसं वाटलं. गुडघे दुखत असतील, हे अकरा वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं. अर्धी वाकले होते मी. तेवढ्यात भिंगरीनं माझ्याकडे नुसते डोळे फिरवले, मान न हलवता, आणि मी ताठ झाले. तिला काखेत हात घालून उचललं. ओल्या पोत्यासारखी जड झाली होती. ती मुकाट्यानं खांद्यावर आली.

मग मुलीचा हात धरून ओढलं. हात नेहमीचाच होता, मऊ, साबणानं कोरडा पडलेला. तिनं सोडवूनही घेतला नाही. पण उठलीही नाही. “तू हिला घेऊन हो पुढे. मी आलेच.”

“आत्ता चल. माझ्याबरोबर.”

“आलेच म्हटलं ना.”

भीती वाटत होती ना, म्हणूनच माझा पारा चढला. माझं हे असंच आहे, घाबरले की चिडते. “तुझं नेहमीचंच आहे हे! एक गोष्ट ऐकशील तर शपथ! बस मग. बस इथेच. मी चालले.”

लहानपणी ती रस्त्यात हट्ट करून फतकल मारायची तेव्हा मी हेच करायचे. कोणती आई करत नाही? बस मग, मी चालले, म्हणायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. दहा पावलं होईपर्यंत ती रडत मागे धावत यायची आणि माझ्या कपड्यांना लोंबकळायची. एकदाही चुकलं नव्हतं.

मी दहा पावलं चालले. मग अकरा. पंधराव्याला मागे सळसळ ऐकू आली आणि मला वाटलं, उठली एकदाची. मी वळले.

ती उठली नव्हती. तिच्या शेजारची जागा मिटली होती, एवढंच. अनोळखी खांद्याला खांदा लावून ती समुद्राकडे बघत होती. त्या रांगेत तिचं डोकं शोधायला मला क्षणभर लागला, कारण मागून सगळी डोकी सारखीच दिसत होती.

तेव्हा भिंगरी माझ्या कानाशी किंचाळली. “आई!” त्या एका हाकेसरशी मी पळत सुटले. हिला आधी बाहेर काढते, मग परत येते, एवढंच डोक्यात होतं. चार पावलांत लाटांचा आवाज कानांवर आदळला. झुडपांतला उतार, खडक, हिरवा कठडा. पोरीला खडकाला टेकवून तशीच परत धावले. दुसऱ्या वळणापर्यंत हिरवा. दीपगृहापर्यंत हिरवा. तिथून पुन्हा परत चालले, तरी हिरवाच.

८

शोध झाला. पोलीस झाले, दोर लावून कड्याखाली उतरणारी माणसं झाली. साहेब खुर्चीतून उठून स्वतः दोनदा ती वाट चालले. आता ती बंद आहे. पाटी मी माझ्या हातानं उपटली. अजूनही रोज सकाळी कुंपण ओलांडून जाते आणि चालत परत येते. चाळीस मिनिटं लागतात, न चुकता.

ती फोन फक्त माझाच उचलते. पोलिसांनी केला तर नुसता वाजत राहतो. इतके दिवस तो चालू कसा, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, आणि मी ते मागतही नाही. रोज जेवणं झाली की मी लावते.

“ऊठ गं राजा,” मी म्हणते. “रागात बोलले मी. चुकलं माझं. ये आता घरी.”

“तूच म्हणालीस ना, बस म्हणून,” ती म्हणते. चिडून नाही म्हणत. सगळा जन्म माझा एक शब्द ऐकला नाही पोरीनं, तेवढाच ऐकला.

भिंगरी माझ्याकडेच असते. आता ती धावत नाही. काल खूप मागे लागली म्हणून तिच्या कानाला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली आणि फोन मला परत दिला.

“काय म्हणाली आई?”

“दमलीय म्हणाली. आणि जागा केलीय म्हणाली, आपल्या दोघींची.”

एवढं सांगून ती आत गेली आणि बूट घालून उंबऱ्यावर येऊन बसली, हात मांडीत ठेवून, अगदी शहाण्यासारखी. मी ते बूट तिच्या पायांतून काढले आणि वरच्या फळीवर ठेवले, तिचा हात पोहोचणार नाही असे. माझे अजून दाराशीच आहेत.